पाहुण्या देवाला ऊन पाणी

मांडावर त्या मंगळवारी पाय ठेवायला जागा नव्हती. दिग्गीच्या वाटेवरची ही चौदा घरांची वाडी. शिमग्यात माणसं ज्या सारवलेल्या अंगणात नाचतात आणि गावदेवाला नारळ ठेवतात, तो हा मांड. एरवी तिथं कोंबड्या फिरतात. त्या दिवशी मात्र रामनगरहून तीन जीपा भरून आल्या होत्या. कॅसलरॉकला आगगाडीतून उतरलेली माणसं मिळेल त्या वाहनाला लोंबकळत येऊन पोचली होती. एकानं तर लंगडी शेळी खांद्यावर घालून आणली होती. भुतानं धरलेली बाई बरी झाली तर शेळीचंही बघू, असा त्याचा हिशोब.

मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वाघाच्या चित्राची चादर, आणि चादरीवर शीतलबाबा.

"भक्तहो! ही केदाराची शिळा! सातशे वर्षं बर्फात तप केलं हिनं. सूर्यनारायण स्वतः खाली आला. म्हणाला, बाई, थोडी तापवू का तुला? शिळा म्हणाली, चालता हो! तेव्हापासून सूर्याची हिंमत नाही हिला हात लावायची. मग ह्या रानातल्या फाटक्या भुताची काय कथा?"

लोक हसले आणि त्यांनी हातही जोडले. बाबाला दोन्ही एकदम करून घेता येत होतं.

समोर पाटावर फुला बसली होती. पस्तिशीची, हाडापेरानं मजबूत बाई. पण दोन्ही पापण्या डोळ्यांवर उतरलेल्या, डावी तर पार बुबुळापर्यंत. समोरचं बघायचं तर तिला मान मागं टाकावी लागत होती. बाबाच्या जीपचा मालक नागराज जीपच्या मागच्या बाजूला गेला. जरीच्या कापडानं झाकलेली पेटी त्यानं किंचित उघडली आणि ताटातून लाल फडक्याखाली काहीतरी घेऊन आला. बाबानं फडकं दूर केलं. काळा, गुळगुळीत, लांबट दगड.

"डोळे मीट, बेटी."

बाबानं दगड तिच्या मिटल्या डोळ्यांवर आडवा धरला. घंटा वाजू लागली. मंत्र सुरू झाला, त्यात थोडं हिंदी, थोडं कन्नड आणि बरंचसं काहीच नव्हतं. पानाचा विडा चघळून होईल एवढा वेळ गेला. मग बाबानं दगड उचलला.

"उघड!"

फुलानं डोळे उघडले. दोन्ही पापण्या चांगल्या वर गेल्या. टपोरे डोळे सगळ्यांना दिसले. मांडावरून असा आवाज उठला की वडावरची वानरंसुद्धा पळाली. फुलाची सासू पारू रडत बाबाच्या पायांवर कोसळली. शेळीवाला पुढं घुसला.

फुलाचा सासरा कान्हू तेवढा फणसाच्या बुंध्याला टेकून उभा राहिला. तीस वर्षं त्यानं जंगलखात्यात रोजंदारीवर पहारा केला होता. सगळी माणसं झाडावर बघत असली की आपण जमिनीवर बघायचं, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. आता सगळे फुलाच्या डोळ्यांकडं बघत होते, आणि कान्हू बाबाच्या हाताखालच्या धुळीकडं. तिथं ओले ठिपके पडले होते. एक, दोन, पाच. दगडातून पाणी ठिबकत होतं.

बाबाचंही लक्ष गेलं असावं. "बघा! शिळेला घाम फुटला! भुताशी झुंजली माझी माय!"

दगडाला घाम फुटतो, हे कान्हूनं कुठंतरी पाहिलं होतं. कुठं, ते काही त्याला आठवेना.

संध्याकाळी चुलीपुढं बसेपर्यंत फुलाच्या पापण्या पुन्हा खाली आल्या होत्या.

*

हे सुरू झालं ते भात पोटरीला आल्यावर. त्या दिवसांत वाडीतल्या बायका पाळीपाळीनं शेतात उभारलेल्या माळ्यावर बसून वानरं हाकतात. फुलाची हाक सगळ्यांत खणखणीत. "हाऽऽड रं!" म्हटलं की पलीकडच्या डोंगरावरून परत यायची. यंदा मात्र वेगळंच होऊ लागलं. पहिल्या दहा-बारा हाका नेहमीसारख्या, मग आवाज जड, आणि पुढं पुढं तर नाकातून. शेजारच्या माळ्यावरच्या बाईनं तो नाकातला आवाज ऐकला आणि ती शिडीसुद्धा न वापरता खाली उतरली.

ह्या मुलखात भुतं नाकात बोलतात. हे लहान पोरालाही माहीत असतं. मग पुढं सांगायला काय लागतं? जी बाई तोवर फुलाशी कधी नीट बोललीही नव्हती, तीही सांगू लागली की माळ्यावर फुला नव्हतीच, दुसरंच कुणीतरी बसलं होतं.

मग एकेक गोष्ट जमत गेली. फुलाला एका म्हशीच्या दोन म्हशी दिसू लागल्या. जेवताना अर्ध्या ताटात जबडा थकायचा, मग हनुवटीला हात लावून ती घास चावायची. एकदा पाणी पिताना ते नाकातून बाहेर आलं. पारूनं न्हाऊ घालताना पाहिलं, तर मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, आणि छातीवर निळ्या नसांचं जाळं. बाबाला सांगितल्यावर तो डोळे मिटून म्हणाला, "मुळं आहेत ती. भुतानं मुळं धरली आहेत."

कान्हू मात्र आपल्या पद्धतीनं माग काढत होता.

"पारू, सकाळी हिचे डोळे चांगले कसे असतात गं?"

"सकाळी देव जागा आसतो. भूत लपतंय."

"मग काल दुपारी दोन घटका झोपली, उठली तवा बी डोळे उघडे व्हते. दुपारी देव कुठनं आला?"

"अवो, तुमाला भुताचं काय कळतंय? सुम्म, गप बसा की जरा."

"मला भुताचं न्हाई कळत. पण थकल्याचं कळतंय. काम केलं की हे येतंय, पडलं की जातंय. भूत आसं बैलासारखं कामाला का जुंपून घेतंय?"

अडली की पारू भांडी जोरानं घासायची.

एक गोष्ट मात्र कान्हूच्या हिशोबात बसत नव्हती. पापण्या सकाळी ठीक, पण तोंडावर जी सूज येऊ लागली होती ती सकाळीच जास्त. डोळ्यांचं भूत संध्याकाळी येतं आणि सुजेचं सकाळी, म्हणजे ह्या घरात भुतांनी पाळ्या लावून घेतल्यात की काय? आणि ह्या सगळ्याहून बोचणारी गोष्ट ही, की दगड ठेवला की पापणी खरोखर वर जात होती. दोनदा पाहिलं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी.

शुक्रवारी तिसरी आणि शेवटची बैठक होती. बाबानं विधी सांगून ठेवला होता: तोवर अन्न बंद, फक्त तीर्थ. शुक्रवारी डोक्यावर भरली घागर घेऊन मांडाला एकशे आठ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला रानाकडं तोंड करून मोठ्यानं हाक. "भूत दमेल आणि पळेल! डॉक्टरकडं जायचं नाही. सुई टोचली की भूत रक्तात उतरतं." मग वाडीनं मांडामागची देवराई आणि तिच्यातला झरा आश्रमासाठी लिहून द्यायचा. नागराजनं कागद तयारच ठेवला होता.

कान्हूचा मुलगा, म्हणजे फुलाचा नवरा गणपती, गोव्यात बांधकामावर. टेकडीवरच्या सागापाशी उभं राहिलं की फोन लागतो. कान्हूनं तिथून फोन केला, तर तो म्हणाला, "आबा, मला सुट्टी न्हाई मिळत. तुमीच बगा काय ते. पण तिला मरू देऊ नका."

बुधवारी तीर्थाचा एक घोट घेताना फुलाला असा ठसका लागला की तिचे ओठ निळे पडले. मान टेकवून ती कितीतरी वेळ श्वास गोळा करत राहिली. तिची बारा वर्षांची पोर शिल्पा दारात उभी राहून बघत होती.

कान्हूनं ठरवलं. एकशे आठ फेऱ्या ह्या बाईला मारायला लावल्या तर भूत पळो न पळो, फुला उरणार नाही.

*

गुरुवारी सकाळी त्यानं घरात सांगितलं, "रेशनला सगळ्यांचा अंगठा मागतायत. फुलाला न्यावं लागतंय जोयड्याला." रेशनपुढं पारूचंही काही चालेना. आडवाटेला गेल्यावर त्यानं धोतराच्या सोग्यात बांधलेली बाटली काढून फुलाला पातळ पेज पाजली. थांबत थांबत, चमचा चमचा.

"मामा, बाबानं न्हाई म्हटलंय."

"बाबानं तुला न्हाई म्हटलंय. मला पाजू नको आसं कुटं म्हटलंय?"

सरकारी दवाखान्यात रेश्मा डॉक्टरीण होती, खानापूरकडची, तिशीतली, चपळ. कान्हू तिच्याकडंही संशयानंच बघत होता. गळ्यात नळी काय आणि माळ काय, समोरच्याला गप्प करायचीच साधनं, असा त्याचा अनुभव.

पण ही गप्प करत नव्हती, विचारत होती. कधीपासून? कुठल्या वेळी? झोपून उठल्यावर कसं? गिळताना काय होतं? तो जे प्रश्न पारूला विचारून थकला होता, तेच ही विचारत होती. कान्हू स्टुलावर जरा पुढं सरकला.

"फुलाताई, माझ्या बोटाकडं वर बघा. डोळा हलवायचा नाही. मी म्हणेपर्यंत."

सकाळची वेळ. पापण्या वर होत्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. अर्धं मिनिट झालं, आणि कान्हूच्या डोळ्यांदेखत डावी पापणी हळूहळू खाली सरकली. मग उजवी.

"आता पन्नासपर्यंत मोठ्यानं मोजा."

वीसपर्यंत आवाज स्वच्छ. तिसाला जड. चाळीशीत नाकातून.

माळ्यावर जे चौदा घरांनी ऐकलं होतं ते ह्या पोरीनं खोलीत बसून, नुसतं मोजायला लावून, समोर आणून ठेवलं होतं.

डॉक्टरणीनं हात आडवे धरायला लावले, ते थरथरत खाली आले. मान मागून दाबून बघितली. एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ते मोजलं. "श्वास अजून बरा आहे," ती स्वतःशीच म्हणाली. मग गळ्याच्या फुगलेल्या शिरांवर बोट फिरवलं, छातीवरच्या निळ्या नसा पाहिल्या, आणि म्हणाली, "दोन्ही हात डोक्याच्या वर. तसेच ठेवा."

फुलानं हात वर धरले. बघता बघता तिचा चेहरा लालसर जांभळा झाला, शिरा आणखी तटतटल्या. डॉक्टरणीनं लगेच हात खाली करायला सांगितले. आता तिच्या तोंडावरची चपळाई गेली होती.

"काय हाय बाई?"

"सांगते, अज्जा. आधी एक गोष्ट बघू." लशी ठेवायच्या निळ्या डब्यातून तिनं बर्फाचं चपटं पाकीट काढलं, रुमालात गुंडाळलं आणि फुलाच्या मिटल्या डाव्या डोळ्यावर ठेवलं. दोन मिनिटं. घंटा नाही, मंत्र नाही. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, तेवढाच आवाज.

रुमाल काढला. पापणी वर.

कान्हू उठून उभा राहिला. रुमालाखालून पाण्याचा एक थेंब फरशीवर पडला, आणि त्याला आठवलं. घामाघूम दगड त्यानं पाहिला नव्हता. घामाघूम पेटी पाहिली होती. कारवारच्या मासेवाल्याच्या मोटारसायकलला बांधलेली, बर्फाची.

"ही तुमची शिळा व्हय?" त्यानं विचारलं.

सगळी हकीकत ऐकल्यावर डॉक्टरीण हसली नाही. "अज्जा, तुमच्या बाबाला जे सापडलंय ते आमच्या पुस्तकात आहे. डोक्यातला निरोप नसेतून स्नायूच्या दारात येतो, मग स्नायू हलतो. फुलाताईंच्या शरीरानंच ती दारं लावून घ्यायला सुरुवात केली आहे. पहिले काही निरोप आत जातात, नंतरचे बाहेरच राहतात. म्हणून काम केलं की पापणी पडते, जीभ जड होते, टाळू ढिला पडून आवाज नाकातून येतो. विश्रांती मिळाली की पुन्हा थोडं चालतं. आणि गारव्यात तो निरोप दारात जरा जास्त वेळ टिकतो, म्हणून बर्फानं पापणी उचलते. पाच-दहा मिनिटं. बर्फानं आजार ओळखता येतो. जात नाही."

"आणि त्या शिरा?"

"ते वेगळं आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती आहे." तिनं स्वतःच्या छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवलं. "ह्याच्या मागं एक ग्रंथी असते, थायमस. लहानपणी मोठी, मग आपोआप आटते. काहींच्यात तिथं गाठ वाढते. अशी गाठ आणि हा दमणारा आजार बऱ्याचदा एकत्र येतात. गाठ मोठी असली की डोक्याकडून हृदयाकडं रक्त आणणारी मोठी शीर दाबते. मग रक्त वर तुंबतं. आडवं झोपल्यावर जास्त, म्हणून सकाळी तोंड सुजतं. मी हातानं आणि डोळ्यांनी एवढंच सांगू शकते. खात्री छातीच्या स्कॅनमध्ये होईल, बेळगावला. आजच जायला हवं."

कान्हूला वाटलं, चला, सुटलो. सुजेचा आणि पापणीचा हिशोबही जमला होता. तेवढ्यात फुला बोलली.

"मी न्हाई जाणार."

"फुला!"

"मामा, बाबानं डोळा उगडला, ह्यांनी बी उगडला. मग बाबा खोटा आन् ह्या खऱ्या कशा?" दम लागून ती थांबली, हनुवटी हातावर टेकवली. "आन् उद्या मांडावर गेले न्हाई तर वाडी म्हणंल, भूत घेऊन पळाली. माज्या शिल्पाला पाणवठ्याला कोण शिवू दील? परत यायचं हाय मला त्याच वाडीत."

डॉक्टरणीनं खूप समजावलं, थोडी रागावलीही. फुला उठून बाहेर बाकावर जाऊन बसली.

कान्हू हळूच म्हणाला, "बाई, हिला मांडावरच सोडवायला लागंल. तिथं बांदलीय ती."

डॉक्टरणीनं भिंतीवरचा कागद पाहिला. "उद्या लसीकरणाला त्याच वाटेनं येणार आहे. रुग्णवाहिका घेऊन येते. पण तोवर एक पाऊलही पळू द्यायचं नाही हिला. घागर तर नाहीच. गिळायचे आणि श्वासाचे स्नायू दमले तर ती तुमच्यासमोर जाईल, अज्जा. कळलं?"

"कळलं. पळणार न्हाई. तेवढं मी बगतो."

*

शुक्रवारी मंगळवारच्या दुप्पट गर्दी. शेळीवालाही आला होता, शेळी अजून लंगडत होती. फुला पाटावर हनुवटीला हात लावून बसली होती, पापण्या मिटल्यातच जमा. बाजूला घागर भरून ठेवलेली. बाबानं नागराजला खूण केली. ताट आलं, लाल फडक्याखाली शिळा.

"आधी शिळेचा स्पर्श, मग फेऱ्या! बोला केदारनाथ महाराज की—"

"थांबा!"

कान्हू फणसाखालून पुढं आला, गावदेवाच्या पायरीपाशी उभा राहिला आणि हात जोडले. वाडीतला तो सगळ्यांत वयस्क. मांडावरचा पहिला नारळ त्याचा.

"बाबा, आमचं चुकलं," तो म्हणाला. "दोन येळा तुमची शिळा मांडावर आली आन् आमी रीत केली न्हाई."

"कसली रीत?"

"परका देव मांडावर आला की तो आमच्या गावदेवाचा पाव्हणा. पाव्हण्याला आधी ऊन पाणी. पाय धुवायचे, मग कामाला लावायचं. व्हय का न्हाई रं?"

"व्हय!" म्हातारी माणसं एकदम म्हणाली. रीत खरीच होती. दोन वर्षांमागं पलीकडच्या गावची पालखी आली तेव्हा देवाला ऊन पाण्यानं अंघोळ घातल्यावरच तिला मांडावर नाचवली होती. आपल्या हातून एवढी चूक झाली म्हणून माणसं चरकली. पारू तर सगळ्यांत जास्त. "अगं बाई! म्हणूनच गुण येईना!" म्हणत ती स्वतःच चुलीकडं धावली.

"नको नको!" बाबा खुर्चीतून अर्धा उठला. "केदाराचा देव आहे हा! त्याला गरम सोसत नाही!"

"सातशे वर्सं बर्फात हाय म्हंता. किती गारठला आसंल बिचारा," कान्हू म्हणाला.

"तुमीच म्हटलं होतं बाबा, सूर्य बी त्याला तापवू शकत न्हाई म्हणून," मागून एक बाई म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, ती भक्तीनंच बोलली होती. "मग तांब्याभर पाण्यानं काय हुतंय?"

बाबा परत खुर्चीत टेकला. स्वतःचीच कथा आडवी आली होती.

पारूनं न्हाणीचा हंडाच आणला. कान्हूनं शिळा परातीत ठेवली आणि वाफाळतं पाणी तांब्यातांब्यानं ओतलं. घाई केली नाही. एकेक तांब्या, मध्ये हळद, मध्ये फूल. पाव्हणा थोरला होता, उपचारही थोरले. सगळ्यांत शेवटी त्यानं शिळा पुसून दोन्ही हातांनी बाबाच्या हातात दिली. बाबानं चटका बसल्यासारखी ती झेलली.

"घ्या. आता करा."

घंटा वाजली. मंत्र नेहमीपेक्षा लांबला. बाबानं दगड उचलला. "उघड, बेटी!"

पापणी मिटून थोडी विसावली होती, तेवढी जराशी हलली आणि पुन्हा खाली पडली.

"उघड!"

पडलीच.

मांडावर कुजबुज सुरू झाली. बाबा ओरडला, "कुणीतरी पापी आहे इथं! देव कोपला!" आणि डोळ्यानं नागराजला खुणावलं. नागराज जीपकडं पळाला. पण ह्या वेळी त्याच्या मागून वीस-पंचवीस बायकाही गेल्या. दुसरा देव आला तर त्यालाही ऊन पाणी लागणार, म्हणून हंडा घेऊन. त्यांच्यापुढं पेटी झाकायला त्याला सवडच मिळाली नाही. जरीच्या कापडाखाली थर्मोकोलचा पांढरा डबा होता. डब्यात बर्फाचे तुकडे. बर्फात पहिल्यासारखेच आणखी दोन दगड, आणि एका दगडाला चिकटलेले चमकते खवले.

एका बाईनं दगड नाकाशी नेला. "अगं बाई, केदाराला बांगडे कदीपासनं मिळाय लागले?"

आधी एक हसली, मग सगळ्या. आणि त्या हसण्यातच रुग्णवाहिका वाटेवरून वर चढली.

रेश्मा डॉक्टरीण निळा डबा घेऊन उतरली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. आधी फुलाची नाडी बघितली, श्वास मोजला. मग डबा सगळ्यांपुढं उघडला. "हे बघा, बर्फ. मंत्र मारलेला नाही, बघून घ्या." दोघातिघांनी हात लावून पाहिला. रुमालातलं पाकीट डोळ्यावर ठेवून तिनं शिल्पाला जवळ बोलावलं. "मोज गं एकशेवीसपर्यंत."

पोर मोजत होती आणि सगळा मांड ऐकत होता. एकशेवीस झाले. रुमाल निघाला. पापणी वर गेली.

शिल्पानं आईच्या उघड्या डोळ्यात डोकावून पाहिलं.

"ही करामत बर्फाची," डॉक्टरीण म्हणाली. "बाबाची नाही आणि माझीही नाही. थोड्या वेळानं ही पापणी पुन्हा पडेल, माझ्या बर्फानंसुद्धा. कारण दुखणं पापणीत नाहीच. नाकातला आवाज, दोन दिसणं, पाण्याचा ठसका, सगळं दमलेल्या स्नायूंचं आहे. आणि छातीत बहुतेक एक गाठ आहे. ह्या बाईला घागर घेऊन पळवलं असतं तर दहाव्या फेरीला तिचा श्वास थांबला असता. भूत दमणार नव्हतं. फुलाताई दमणार होत्या."

पारू हंड्यापाशी उभी होती. दोन दिवस तिनंच सुनेच्या पुढचं ताट उचलून नेलं होतं. ती पुढं आली, पदरानं फुलाचं तोंड पुसलं आणि गर्दीकडं वळून भांडणाच्या आवाजात म्हणाली, "माजी सून बेळगावला चाललीय. कुणाला काय बोलायचं आसंल तर आत्ता बोला. मागनं शिल्पाला पाणवठ्यावर कुणी काय म्हटलं तर गाठ माज्याशी हाय."

फुलानं मान मागं टाकून सगळ्यांकडं एकदा नीट पाहून घेतलं आणि कान्हूपुढं हात केला. "चला, मामा."

बाबा आणि नागराज जीप सुरू करत होते. ती कोण जाणे का, लवकर सुरूच होईना. शेळीवाला त्यांच्यापुढं उभा राहिला होता आणि बोलत होता.

*

बेळगावला स्कॅनमध्ये गाठ दिसली. आधी औषधांनी फुलाची ताकद जरा वर आणली, मग छातीचं हाड उघडून मुठीएवढी गाठ काढली. नंतर किरणांचे उपचार झाले. फुला घरी आली ती गोळ्यांची पिशवी घेऊन. त्या गोळ्या वेळेवर घ्यायच्या, बरीच वर्षं. पूर्वीइतकी ताकद अजून नाही. कधी कधी संध्याकाळी डावी पापणी थोडी उतरते. पण ती भात लावते, पोटभर जेवते, आणि गणपतीशी फोनवर भांडते.

इथं ही गोष्ट संपली असती, तर बरं झालं असतं. पण माणसं काय करतात बघा.

फुला आल्यानंतर महिनाभरानं एका सकाळी कान्हू उठला, तर अंगणात पाच-सहा माणसं बसलेली. एक बाई नारळ आणि उदबत्ती घेऊन. तिच्या मांडीवर नातू; त्याला आकडी यायची.

"कान्हूअज्जा, फुलाचं भूत तुमी काढलंत. माज्या पोराला हात लावा."

कान्हूला आधी कळेचना. मग कळलं, आणि तो असा भडकला की कुणी कधी ऐकली नव्हती अशी शिवीच त्याच्या तोंडून निघाली.

"मी काय काढलं? मी एक दगड धुतला! शीतलबाबाला घालवून मला त्या खुर्चीत बसवताय व्हय?" नारळ त्यानं परत तिच्या पदरात टाकला. "मला पोराच्या आकडीतलं काय बी कळत न्हाई. आन् ज्याला कळत न्हाई त्यानं हात लावायचा न्हाई. बाबानं न्हाई, मी बी न्हाई."

"मग काय करायचं?"

तो पायरीवर बसला. मग शांतपणे विचारू लागला. आकडी कधी येते? ताप असताना की एरवी? किती वेळ टिकते? आधी पोर काय करत असतं? बाई सांगत गेली. सांगता सांगता तिच्याच दोन गोष्टी पहिल्यांदा ध्यानात आल्या.

"हेच सगळं डॉक्टरला सांग. त्यांनी पोराला बघावं, हात लावावा, ठोकून बघावं, आन् कशावरनं काय म्हंतायत ते आपल्याला सांगावं. न्हाई सांगितलं तर विचारायचं. डॉक्टर सांगतोय म्हणून बी मान डोलवायची न्हाई, अन् म्हातारा सांगतोय म्हणून बी न्हाई. जो विचारू देत न्हाई, त्याच्या दारात थांबायचं न्हाई, मग त्याच्या गळ्यात माळ आसू दे न्हाई तर नळी."

बाकीचे अजून आशेनं बघत होते. एकानं तर त्याच्या पायाकडं हात नेला.

"पाय सोड," कान्हू म्हणाला. "सातची बस हाय जोयड्याची. चला, उठा. मी येतो थांब्यापर्यंत."

आणि तो खरोखरच सगळ्यांना थांब्यापर्यंत घेऊन गेला. बस सुटून वळणापलीकडं जाईपर्यंत तिथंच उभा राहिला. मधल्या वळणावर कुणी उतरून परत येईल, हा संशय त्याला होताच.